सी भाषेत संख्येचे बिट सुटे करताना

पूर्णांकाचे बिट अ‍ॅरेत भरायला आपण बहुधा 2 ने भागून बाकी घेत जातो. 13 च्या बाक्या 1, 0, 1, 1. उलट वाचल्या की 1101. पण ऋण संख्येला ही रीत फसते. सी99 पासून -5 ला 2 ने भागल्यावरची बाकी -1 ठरलेली आहे, आणि -1 हा बिटच नव्हे! म्हणून संख्या आधी अनसाइन्ड करावी, मग एकेक घर उजवीकडे सरकवत 1 शी अँड करावे. अनसाइन्ड केल्यावर भागाकारही चालेल, असा आक्षेप येईल. चालतो, पण संख्या शून्य होईपर्यंतच भागत राहिलात तर मुळातल्या 0 साठी अ‍ॅरे रिकामाच राहतो. ठरावीक रुंदीचा लूप लावलेला बरा.