पक्ष्याचा स्वर पेटीत कुठे?

इंदापूर तालुक्यातलं डाळज हे उजनी धरणाच्या फुगवट्यालगतचं गाव. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित आणि पट्टकादंब येतात. त्यांचे आवाज मुद्रित करून त्यांच्या साथीने निसर्गकविता गायची म्हटलं, तर पहिली अडचण पेटीची. कादंबाची हाक दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी सुरू होते आणि घसरत जाते.

पेटी सप्तकाचे बारा समान भाग करते. सप्तक १२०० सेंटचं मानलं, तर प्रत्येक पायरी १०० सेंटची. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झचा, पेटीचा ३०२.४ हर्ट्झचा. फरक फक्त १४ सेंटचा. पण षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा स्वरांश एकमेकांजवळ येऊन आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा कमीजास्त होतो. मुरलेल्या कानाला तो खुपतो.

या फरकाचा माग सांगलीत निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी घेतला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ त्यांना होती. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवरचं, इंग्रजी पुस्तक काढलं. ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही घडली. तिच्यावरून वाद रंगले. पुढे १९६३ मध्ये जैराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष वादन मोजलं, तेव्हा एकच स्वर दर वेळी एकाच जागी पडत नाही असं दिसलं. म्हणजे पट्ट्या बावीस केल्या तरी संगीत त्यांत मावत नाही.

मुद्रित आवाजाचा हट्ट वेगळा. फीत निम्म्या वेगाने चालवली तर स्वर एक सप्तक खाली जातो, हाकही दुप्पट लांबते. संगणक या दोन गोष्टी वेगळ्या करतो, पण फार ताणलं की पक्ष्याच्या आवाजाची जातच बदलते.

म्हणून पक्ष्याला षड्जाकडे ओढण्यापेक्षा षड्जच त्याच्याकडे न्यावा. हाकेतला जो तुकडा क्षणभर स्थिर राहतो, त्यावर तंबोरा लावावा. उरलेली घसरण गायकाने मींडेने गाठावी. मुद्रणात येणाऱ्या पाण्याला आणि वाऱ्याला ठरावीक स्वर नसतो, तिथे कवितेचे शब्द स्वच्छ ऐकू येतील. पेटी तेवढी बाजूला ठेवावी. बावीस श्रुतींचा वाद न मिटवताही हे करता येतं, कारण इथे स्वराची जागा पक्षी ठरवतो आणि तिथवर पोचणं गळ्याला जमतं.