व्हायोलिनवर बोटें कोठें ठेवावीं?

सतारीवर पडदे असतात, पेटीवर पट्ट्या असतात. व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर मात्र कसलीच खूण नसते. त्यामुळें नवशिका विद्यार्थी गोंधळतो, घरचीं माणसें कर्कश आवाजाला कंटाळतात, आणि थोड्याच दिवसांत वाद्य कपाटांत जाऊन पडतें. अशा वेळीं दोष मुलाच्या कानाचा नसतोच असें नाहीं. पण पुष्कळदां बोटांची जागाच त्याला नीट समजलेली नसते.

जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत चार तारा अनुक्रमें जी, डी, ए व ई या स्वरांत लावितात. शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचें अंतर असतें. डाव्या हाताचा अंगठा मोजावयाचा नाहीं. तर्जनी पहिलें बोट, मध्यमा दुसरें, अनामिका तिसरें व करंगळी चौथें.

खुंट्यांजवळील आडपट्टीपासून घोडीपर्यंत मोठ्या व्हायोलिनची तार सुमारें १३ इंच असते. मोकळी तार 'सा' मानली, तर आडपट्टीकडून लांबीचा नववा भाग सोडून पहिलें बोट ठेविल्यास 'रे', चौथा भाग सोडून तिसरें ठेविल्यास 'म', आणि तिसरा भाग सोडून चौथें ठेविल्यास 'प' निघतो. दुसरें बोट शुद्ध गांधारासाठीं तिसऱ्याला लागून, कोमल गांधारासाठीं पहिल्याला लागून ठेवावें. वाद्य लहान असल्यास इंच बदलतात, प्रमाण बदलत नाहीं.

मोजपट्टी हा आरंभींचा आधार; खरा परीक्षक कान. डी तारेवर तिसरें बोट अचूक पडलें, कीं शेजारची मोकळी जी तार आपोआप थरथरते. चौथ्या बोटाचा स्वर पुढच्या मोकळ्या तारेशीं जुळला पाहिजे. या दोन कसोट्या रोज लावाव्या.

मनगट सरळ असावें. तळहात वाद्याच्या मानेला टेकूं नये. अंगठा सैल ठेवावा, कारण त्यानें मान आवळली कीं चारी बोटें ताठरतात. नखें कापून, बोट वाकवून, त्याच्या अग्रानें तार दाबावी. पुढचें बोट ठेवितांना मागचें उगाच उचलूं नये. त्यायोगें अंतर हाताला कळतें.

पालकांस एक विनंती. आठवड्यांतून एकदां दोन तास घासण्यापेक्षां रोज पंधरा मिनिटांचा सावकाश अभ्यास अधिक फलदायी होतो. तेवढा वेळ तो बेसूर आवाज प्रेमानें सोसावा. आज अडखळणारीं तींच बोटें पुढें उपासनेंत मंडळीच्या गायनाला साथ देतील.