सात आणि बारा

महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंब जिवापलीकडे जपते असा कागद कोणता, तर तो सातबाऱ्याचा उतारा होय. हा उतारा वस्तुतः दोन निरनिराळ्या नोंदी मिळून झालेला आहे. जमीन कोणाची, हे गाव नमुना सात सांगतो. त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकविले, पाणी कशाचे दिले आणि किती क्षेत्र लागवडीखाली नव्हते, हे गाव नमुना बारा सांगतो. एक नोंद स्वामित्वाची, दुसरी वापराची. स्वातंत्र्योत्तर काळात आपला जमीनविषयक विचार प्रामुख्याने पहिल्या नोंदीभोवती फिरत राहिला व दुसरीकडे आपले दुर्लक्ष झाले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा १९४७ चा कायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा हे या विचाराचे मुख्य टप्पे. त्यांचे सामाजिक मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कसणाऱ्याच्या हाती जमीन यावी, ही मागणी न्यायाचीच होती. परंतु या साऱ्या विचारामागे एक गृहीतक दडलेले होते : मालक बदलेल, हिस्से पडतील, पण जमीन आहे तशीच राहील. रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडताना जमिनीची शक्ती मूळची व अविनाशी मानली होती. अर्थशास्त्राचे विद्यार्थी ती व्याख्या आजही पाठ करतात. जमीन अविनाशी नसते, याचा पुरावा मात्र आपल्याच नीरेच्या खोऱ्यात शतकापूर्वी मिळाला होता.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. जेथे ज्वारी-बाजरी पिकत होती तेथे ऊस उभा राहिला. आणि अवघ्या पंचवीस वर्षांनी, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांना या खोऱ्यातील खारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. ही प्रक्रिया समजण्यास कठीण नाही. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पिकाच्या गरजेहून अधिक दिलेले पाणी खाली साठत जाते, भूजलाची पातळी वर येते आणि उन्हाने पाणी उडून गेले की त्यातील क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या थराच्या रूपाने मागे राहतात. पुढे हेच संकट कृष्णेच्या काठी, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत, अधिक मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचऱ्याची व्यवस्था केल्याने काही क्षेत्र पुन्हा लागवडीखाली आले, ही समाधानाची गोष्ट होय.

येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, वरच्या अंगाला पाणी वारेमाप देणारा शेतकरी वेगळा आणि खालच्या अंगाला ज्याची जमीन खारावते तो वेगळा. एकाचा लाभ आणि दुसऱ्याची हानी यांचा हिशेब कोणत्याच वहीत होत नाही. उपायही एकट्याने करण्याजोगा नाही, कारण निचऱ्याची नळी ओढ्यापर्यंत न्यायची तर ती शेजाऱ्याच्या शेतातूनच न्यावी लागते. जमीन खारावली तरी नमुना सातवर एक गुंठाही कमी होत नाही. कागदावर मालक तितकाच श्रीमंत राहतो.

हा प्रश्न एखाद्या खोऱ्यापुरता नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहांच्या साहाय्याने तयार केलेल्या नकाशांनुसार २०१८-१९ मध्ये देशातील ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे सुमारे ३० टक्के भूमी अवनत झालेली होती. २००३-०५ मध्ये हाच आकडा ९ कोटी ४५ लाख हेक्टर होता. धूप हे या अवनतीचे फार मोठे कारण आहे. त्यातच २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर भूमी पूर्ववत करण्याचा संकल्प भारताने २०१९ साली जाहीर केला आहे. एकीकडे सुधारणा आणि दुसरीकडे नवा ऱ्हास, असे चालले तर हा संकल्प पुरा कसा व्हावा?

दुसरा बदल याहून अपरिवर्तनीय आहे. याच डॉ. मॅन यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. शेतीचे इतके तुकडे झाल्यावर ती परवडणार कशी, ही त्यांची चिंता होती. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगराच्या पोटात असून जेथे शेते होती तेथे उंच इमारती उभ्या आहेत. शहरे वाढणारच, त्याला विरोध करणे व्यर्थ होय. परंतु कोणती जमीन बिगरशेतीकडे जावी, हे मातीच्या प्रतीवरून न ठरता रस्त्यापासूनच्या अंतरावरून ठरावे, यात शहाणपण नाही. खारावलेली जमीन खर्च करून सुधारता येते. सिमेंटखाली गेलेली परत येत नाही.

मग वापर कोणी ठरवावा? सरकारी हुकमाने पीक ठरविण्याचा मार्ग कोणालाच नको आहे. परंतु गावाने ठरविल्याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा एकरांवर नव्हे तर माणशी, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस वर्ज्य, अशी तेथील सूत्रे होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, शेतीसाठी विंधन विहिरी घेण्याचे नाकारले आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. मालकी तेथेही खासगीच राहिली, वापराला मात्र सर्वांनी मिळून मर्यादा घातली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. उसाला ठरलेला दर आहे, विकत घेणारा कारखाना आहे. तूर-बाजरीच्या खरेदीची तितकी हमी शेतकऱ्याला वाटत नाही. अशा स्थितीत दोन एकरांच्या धन्याला संयमाचा उपदेश करणे हे पगारदारांना सोपे आहे. म्हणून माती राखणाऱ्या पिकांची खात्रीची खरेदी हा भूसंधारणाचाच भाग मानला पाहिजे. संयमाची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी?

दुसरी गरज नोंदींची. २०२१ पासून शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून ई-पीक पाहणी नोंदवू लागला. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकाही दिल्या गेल्या. ही माहिती गावनिहाय एकत्र करून दरवर्षी ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचली गेली, तर आपली माती कोणत्या दिशेने चालली आहे, हे गावाला कळेल. आपल्या महाविद्यालयांनीही प्रत्येकी एक गाव निवडून दर दहा वर्षांनी त्याच शेतांची पाहणी करावी. डॉ. मॅन यांच्यापाशी उपग्रह नव्हते, चिकाटी होती.

नमुना सातवरचे नाव वारसाला आपोआप लागत नसले, तरी तलाठ्याकडे अर्ज करून ते लावता येते. माती वारसाकडे पोचविण्याचा असा कोणताही अर्ज नाही. ती नमुना बारावर, हंगामागून हंगाम, राखावी लागते.