गाळाचा जमाखर्च

शरद ऋतू लागला, की नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर चक्रवाक, थापट्या आदी पाहुणी बदके उत्तरेकडून येऊ लागतात. गोदावरी-कादवा संगमावरील हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला, तो सिंचनासाठी. पुढे त्यात गाळ साचला, साठा घटला. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तूट खरीच. परंतु त्याच गाळाने उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती निर्माण केल्या आणि पाखरांना आश्रय दिला. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, ते हेच. तेव्हा जलाशयांतील गाळ उपसण्याच्या योजना आखताना खर्चाच्या बाजूस पाखरांचा रकाना कोरा सोडणे, हा हिशेब अपुराच म्हणावा लागेल.