हलकं रिव्हॉल्वर, जड धक्का: अलास्काच्या अस्वलांसाठी बंदूक कशी निवडतात?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलेलं काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.)

आजचा विषय आपल्या नेहमीच्या फोन-लॅपटॉपपेक्षा जरा वेगळा आहे. मी सिएटलमध्ये असतो, आणि येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं अलास्कातल्या ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ नॅशनल पार्कमध्ये दहा दिवस चालायला जाणार आहोत. या पार्कात रस्ता नाही आणि आखलेली पायवाटही नाही. छोट्या विमानाने सोडतात आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतात. तिथे ब्राउन बेअर, म्हणजे ग्रिझली आहेत. आमच्यातला एकजण तिथलाच अमेरिकन, माझ्याच टीममधला. त्याने विचारलं, रिव्हॉल्वर कोणतं आणू? आता इंजिनिअरला असा प्रश्न विचारला की एक्सेल शीट उघडणारच.

आधी एक स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतलं, त्यातही अलास्काचं आहे. आपल्याकडे ताडोब्यात जिप्सीतून खाली उतरायचीसुद्धा परवानगी नसते, त्यामुळे तिकडे याचा काही संबंध नाही.

तर मुद्दा वजनाचा. दहा दिवसांचं जेवण, तंबू, अस्वलाला उघडता न येणारे डबे, सगळं पाठीवर. प्रत्येकजण टूथब्रशची दांडी कापायला निघालेला असतो. अशा वेळी दुकानदार तुमच्यापुढे दोन रिव्हॉल्वर ठेवतो. दोन्ही स्मिथ अँड वेसनची, दोन्ही .४४ मॅग्नम, दोन्हींची नळी चार इंची, दोन्हींत सहा काडतुसं. एक स्टेनलेस स्टीलचं मॉडेल ६२९, साधारण ११८० ग्रॅम. दुसरं मॉडेल ३२९ पीडी, साधारण ७१० ग्रॅम. याची फ्रेम स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची आणि सिलिंडर टायटॅनियमचा. फरक जवळजवळ अर्ध्या किलोचा. ज्याने टूथब्रश कापलाय तो कोणतं उचलेल?

थांबा. आधी .४४ मॅग्नमच का, ते बघू. हे काडतूस १९५०च्या दशकाच्या मध्यात आलं, शिकारीसाठी. गोळी जाड, म्हणजे जवळजवळ ११ मिलिमीटर, आणि वजन साधारण १५.५ ग्रॅम. अस्वलाच्या बाबतीत गोळी आत फुलून पसरण्यापेक्षा जाड चामडी, चरबी, स्नायू आणि हाड ओलांडून खोल जाणं महत्त्वाचं. म्हणून अनुभवी लोक शहरात स्वसंरक्षणासाठी वापरतात तशी पोकळ टोकाची गोळी घेत नाहीत, कडक शिशाची सपाट टोकाची घेतात. आणि रिव्हॉल्वर का? एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढचं समोर येतं. शिवाय अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या अंगाला दाबली गेली तरी ते चालतं. पिस्तुलाची स्लाइड अशा दाबाने मागे सरकून पिस्तूल अडू शकतं.

आता आपला अकरावीचा फिजिक्स. गोळी पुढे जाते तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. १५.५ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर संवेग ६.२. तो वजनाने भागा. ६२९ मागे येतं सेकंदाला साधारण सव्वापाच मीटर वेगाने, आणि ३२९ पीडी येतं पावणेनऊ मीटरने. ऊर्जेत वेगाचा वर्ग असतो, म्हणून ६२९ला १६ ज्यूल आणि ३२९ला २७ ज्यूल. साध्या ९ मिमी पिस्तुलाला याच हिशेबाने ६ ज्यूलच्या आसपास येतात. म्हणजे साडेचारपट! यात काडतुसांचं वजन आणि नळीतून सुटणाऱ्या गॅसचा धक्का धरलेला नाही. धरलात तर आकडे बदलतील, पण चित्र तेच राहील. कंबरेवरचं जे वजन वाचवलं, ते तळहाताने भरायचं.

आणि हे कागदावरचं नाही. मित्राने एका शूटिंग रेंजवर दोन्ही भाड्याने घेतली. मी बंदुकीला हात लावला नाही (का, ते पुढे सांगतो). फोनवर शॉट टायमर लावून शेजारच्या बाकावर बसलो होतो. जड रिव्हॉल्वरने त्याच्या दोन गोळ्यांमधलं अंतर सेकंदाच्या आत होतं. हलक्याने दीड सेकंदावर गेलं, आणि दुसरी गोळी कागदाच्या वरच्या कडेला. बारा गोळ्यांनंतर तो म्हणाला, बस. अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला होता.

आता हा दीड सेकंद अस्वलाच्या वेगाशी लावा. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरपर्यंत धावतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तीस मीटरवरून निघालं तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत, आणि त्यातच ते दिसणं, कळणं आणि बंदूक काढणं आलं. म्हणून माझ्या मते कॅलिबरवरून घातलेले वाद बऱ्याच अंशी फुकट आहेत. प्रश्न एवढाच, की दुसरी गोळी वेळेत आणि जागेवर जाते का. जी बंदूक बारा गोळ्यांनंतर ठेवून द्यावीशी वाटते तिचा सराव कोणी करत नाही, आणि सरावाशिवाय ती जमत नाही. हलक्या रिव्हॉल्वरची खरी किंमत ही आहे.

आणखी एक भानगड, जी मला सगळ्यात रंजक वाटली. काडतुसात गोळी पुंगळीच्या तोंडात आवळून बसवलेली असते. बंदूक झटक्याने मागे आली की न उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या तिच्याबरोबर मागे येतात, पण गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. आवळ सैल असेल तर गोळी हळूहळू पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि फ्रेमला अडकते. सिलिंडर फिरायचा बंद! म्हणजे फुसक्या काडतुसावरचा रिव्हॉल्वरचा जो मोठा फायदा सांगितला, तोच गेला. बंदूक जेवढी हलकी, तेवढा हा धोका जास्त. तपासायला सोपं आहे: सहावं काडतूस आधी मोजा, पाच झाडा, सहावं पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ती काडतुसं त्या बंदुकीसाठी नाहीत. मित्राने कॅलिपर आणला होता, तो मोजत होता आणि मी आकडे टिपत होतो.

मग काय घ्यावं? रोज चालणारा, क्वचितच झाडणारा, पण दर महिन्याला रेंजवर जाणारा माणूस असेल तर ३२९ पीडी जरूर घ्यावं. मूठ मात्र मागचा धातू झाकणारी, जाड रबराची हवी. बाकीच्यांनी ६२९ घ्यावं आणि टूथब्रश आणखी कापावा. दोन किलोपर्यंत जाणारी .५०० मॅग्नमची धुडं माझ्या मते पाठीवर सॅक असलेल्या माणसासाठी नाहीतच. १० मिमीचं ग्लॉक २० पण विचारात घ्या: १५ काडतुसं, धक्का बराच कमी. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांसाठी तेच बाळगतं. आणि काहीही घ्या, ते छातीवर बांधा. कंबरेवर सॅकचा पट्टा येतो, हात पोचत नाही.

आता स्प्रे. २००८मध्ये टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो वगैरे संशोधकांनी अलास्कातल्या घटना तपासल्या. ब्राउन बेअरला मिरचीच्या स्प्रेने ९२ टक्के वेळा रोखलं होतं. २०१२च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात हातातल्या बंदुकांचं यश ८४ टक्के निघालं, लांब बंदुकांचं ७६. दोन्ही अभ्यासांतल्या घटना एकाच जातीच्या नाहीत, त्यामुळे हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे शेजारी ठेवू नका. पण स्प्रेचा ढग पसरतो, नेम अचूक लागत नाही, आणि हात थरथरत असताना हे फार मोलाचं आहे. आमच्या चौघांच्याही छातीवर स्प्रे असणार, रिव्हॉल्वर एकाच्याच. गंमत म्हणजे प्रवासी विमानात बंदूक कुलूपबंद पेटीत, आधी सांगून, चेक-इन सामानात नेता येते. बेअर स्प्रे मात्र कुठल्याच सामानात नेता येत नाही. तो अलास्कात उतरल्यावर घ्यायचा.

आणि मी हात का लावला नाही? मी एच-वन-बी वर आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. माझ्याकडे तो नाही. ‘मित्राची आहे, पाच मिनिटं धरतो’ असं म्हणणारे आपल्यातले बरेचजण मी पाहिलेत. रेंजवरच्या एका फोटोपायी ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नका, आधी वकिलाला विचारा.

मित्रासाठीही एक नियम आहे. नॅशनल पार्कात २०१०पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण झाडायला सर्रास परवानगी नाही. अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारावं लागलंच, तर त्याचं नखांसकट कातडं आणि कवटी काढून सरकारजमा करायची, आणि पंधरा दिवसांच्या आत लेखी अहवाल द्यायचा. हे ऐकल्यावर मित्राने सामानाच्या यादीत एक धारदार सुरी वाढवली. वजन, ११० ग्रॅम.