थिरथिरा : आपल्या माळावरचा हिवाळी पाहुणा

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. पावसाने निरोप घेतलेला असतो, माळावरचे गवत पिवळे पडू लागते आणि त्याच सुमारास आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात चिमणीएवढा एक पक्षी उत्तरेकडून येऊन दाखल होतो. शेताचा दगडी बांध, कुंपणाचा खांब, वसतिगृहाचा कठडा अशा ठिकाणी तो एकटाच बसलेला दिसतो. बसल्या जागी त्याची शेपटी सारखी थरथरत असते. म्हणूनच त्याला थिरथिरा म्हणतात. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना तो पाहिला असेल. मात्र नाव ठाऊक नसल्याने ‘कुठलीतरी चिमणी’ म्हणून सोडून दिला असेल. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

थिरथिऱ्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर आणि वजन १५ ग्रॅमच्या आसपास असते. नराचे डोके, छाती व पाठ काळी असून पोट आणि शेपटी विटकरी-नारिंगी असते. शेपटीची मधली पिसे तेवढी गडद तपकिरी असतात. मादी मातकट तपकिरी रंगाची, पण तिचीही शेपटी तांबूसच. वर्षभर आपल्याकडे राहणाऱ्या चिरक पक्ष्याशी याची गल्लत होते. चिरक नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो आणि तो शेपटी उभारून चालतो. थिरथिरा शेपटी उभारत नाही, ती कापरी हलवतो आणि मधूनमधून मान झुकवतो.

मुंग्या, भुंगेरे, कोळी, अळ्या हे त्याचे मुख्य खाद्य. ठेंगण्या जागेवर बसून तो जमिनीकडे लक्ष ठेवतो, किडा दिसताच झेप घेऊन टिपतो आणि पुन्हा जागेवर परततो. हिवाळ्यात तो थव्याने राहत नाही. प्रत्येकाचा आपला टापू असतो आणि दुसरा थिरथिरा आत आला की तो त्याला हुसकावून लावतो.

त्याची वीण हिमालयाच्या उंच, उघड्या, खडकाळ प्रदेशात, लडाख-तिबेटात व मध्य आशियात होते. मे ते ऑगस्ट या काळात दगडांच्या सांदीत किंवा भिंतीच्या भोकात तो घरटे करतो. पुढे तेथे बर्फ पडू लागते, किडे दिसेनासे होतात आणि त्याला दक्षिणेची वाट धरावी लागते. असे लहान गाणारे पक्षी बहुधा रात्री प्रवास करतात. तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे ते दिशा ओळखतात, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाच्या नियमामागची हकीकत आली आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत, तेव्हा कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटे बांधून एका जागी राहतात, मग हे का फिरतात, असे लोक म्हणू लागले. त्यावरून भगवान बुद्धांनी भिक्खूंना वर्षावासाची अनुज्ञा दिली. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा थिरथिराही दूर हिमालयात आपल्या घरट्याशी असतो आणि पाऊस सरल्यावरच वाटेला लागतो.

आपल्या जिल्ह्यात याच दिवसांत आणखी एक स्थलांतर घडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे गळीत हंगामासाठी कारखान्यांकडे निघतात. मार्च-एप्रिलमध्ये ती परततात, तेव्हा थिरथिरा उत्तरेकडे निघालेला असतो. दोन्ही प्रवासांचे कारण पोट हेच. फरक एवढाच की पाखराची पिले तोवर उडायला शिकलेली असतात. माणसाच्या मुलांचे शिक्षण मात्र अर्ध्यावर तुटते. ते तुटू नये म्हणून निवासी शाळा आणि वसतिगृहे उभी राहिली. आईवडील फडात असताना वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला कठड्यावरचा हा पाहुणा दाखवला, तर दूर गेलेले परतही येतात, हे त्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

माळ म्हणजे पडीक जमीन, असे आपण सहज म्हणतो. परंतु या पाहुण्याचे चार-पाच महिन्यांचे अन्न त्याच माळावर असते. गवत पेटवले आणि कीटकनाशकांचा मारा वाढला, की ते नाहीसे होते. प्राणिमात्रांविषयी मैत्री हा आपल्या शिकवणीचा पाया आहे. तेव्हा पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आपल्या बांधावरचे दगड आणि थोडे गवत राखून ठेवावे. विद्यार्थ्यांनी वर्गाच्या नोंदवहीत थिरथिरा प्रथम दिसल्याची आणि शेवटचा दिसल्याची तारीख दरवर्षी लिहावी. पायात वळे नसल्यास गतवर्षीचा पक्षी तोच की दुसरा, हे सांगता येणार नाही. तरीही दहा वर्षांच्या तारखा एकत्र पाहिल्या, तर त्याच्या येण्याजाण्याचा काळ बदलतो आहे का, हे आपल्याच शाळेतील मुलांना सांगता येईल.