दुसऱ्या हप्त्यावरचा आयकर : नोटिशीचा झगडा



आयकराच्या नोटिशीचा विषय निघाला, की "मग आमच्याकडून पैसे परत मागणार काय?" असा सवाल सभेत हमखास उठतो. नोटीस सभासदाला नसते, कारखान्याला असते. पण ज्या पैशावर ती निघाली तो आपल्या उसाचाच होता, म्हणून प्रकरण मुळापासून सांगतो.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार किमान वैधानिक दर ठरवी (२००९-१० च्या हंगामापासून त्याच्या जागी एफ.आर.पी. आली). आपल्याकडचे सहकारी कारखाने हंगामाचा हिशेब लागला, की त्यावर वाढीव दर देत. आयकर खाते म्हणाले, किमान दराइतकाच खर्च खरा. वरचा पैसा म्हणजे सभासदांत वाटलेला नफा, त्यावर कर भरा. समजा, किमान दर टनाला ८०० रुपये, दिले १,०००, आणि गाळप ४ लाख टन. वरचे ८ कोटी खाते उत्पन्नात धरणार! पैसा केव्हाच खतात, सोसायटीच्या कर्जात अन् पोरीबाळींच्या लग्नात गेलेला, आणि कर मात्र उभा.

कारखान्यांचे म्हणणे सरळ होते. ऊस हा कच्चा माल, त्याची किंमत हा धंद्याचा खर्च. नफाच वाटायचा तर तो शेअरवर वाटला असता, टनावर कशाला? बिगरसभासदालाही तोच दर दिला, त्याला कुठला नफा?

५ मार्च २०१९ रोजी तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फरकाची सगळी रक्कम नफा नव्हे. त्यात नफ्याचा अंश किती, ते अधिकाऱ्याने हिशेब पाहून ठरवावे. म्हणजे अर्धी लढाई जिंकली, आणि प्रकरणे पुन्हा खाली आली.

गाठ सुटली ती कायद्याने. २०१५ च्या दुरुस्तीने कर-आकारणी वर्ष २०१६-१७ पासून शासनाने ठरविलेला किंवा मान्य केलेला ऊसदर खर्चात धरला गेला. त्याआधीची वर्षे लोंबकळत होती, ती २०२३ च्या अंदाजपत्रकाने घेतली. जवळजवळ १०,००० कोटींचा दिलासा, असे अर्थमंत्री तेव्हा म्हणाल्या.

मात्र हे आपोआप नव्हते. कारखान्याने अर्ज करायचा, मग अधिकाऱ्याने त्या वर्षाचे उत्पन्न नव्याने मोजायचे. अर्जाचा नमुना जुलै २०२३ मध्ये निघाला. शासनमान्य दरापेक्षा जास्त दिलेला पैसा त्यात बसत नाही. तेव्हा सारी मदार त्या त्या हंगामाच्या दरमंजुरीच्या कागदांवर. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फायली वाळवीच्या हवाली केल्या, त्यांची काय धावपळ झाली असेल!

आता सभेतला तो सवाल. दुसरा हप्ता परत मागितला जाणार नाही. वाद कारखान्याच्या करपात्र उत्पन्नाचा होता, सभासदाला मिळालेल्या बिलाचा नव्हे.